मंद संगीत, लांबलेली रांग: एका दुकानातल्या पार्श्वसंगीताचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दोन मजली दुकानाचं आहे. ओळख पटू नये म्हणून दुकानाचं नाव, ठिकाण आणि माणसांचे तपशील गाळले आहेत. तळमजल्यावर रोज लागणाऱ्या घरगुती वस्तू मिळतात: साबण, झाडू, डबे, बल्ब, बॅटऱ्या. बिलिंग काउंटरही तिथेच. वरच्या मजल्यावर पडदे, चादरी, उशा, टेबललॅम्प, भिंतीवरची घड्याळं. पडदे मापाप्रमाणे शिवून देतात, त्यासाठी वर एक वेगळं टेबल आहे. ग्राहक खिडकीची उंची-रुंदी सांगतो आणि विक्रेती ती ऑर्डरच्या वहीत लिहून घेते. या टेबलाचा उल्लेख पुढे बऱ्याचदा येणार आहे.

म्हणजे छप्पर एक असलं तरी दुकानं दोन. खाली येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा यादी असते आणि डोक्यात घरी परतायची वेळ. वर जाणारा बघायला गेलेला असतो. कापडाला हात लावून बघतो, दिवा लावून बघतो, सोबतच्या माणसाला विचारतो आणि पुन्हा पहिल्या कापडाकडे वळतो.

संगीताची व्यवस्था मात्र एकच होती. एक अँप्लिफायर, त्याला जोडलेले दोन्ही मजल्यांवरच्या छतातले स्पीकर आणि काउंटरवर ठेवलेला एक फोन. त्या दिवशी कामावर जो असेल तो त्याच्या आवडीची गाणी लावायचा. आवाज कमी-जास्त केला की दोन्ही मजल्यांवर सारखाच बदलायचा. कुणाची तक्रार नव्हती, कारण त्या संगीताकडे कुणी लक्षच देत नव्हतं.

लक्ष गेलं ते मॅनेजरबाईंचं. मंद गतीचं संगीत लावलं की ग्राहक हळू चालतात, दुकानात जास्त वेळ राहतात आणि खरेदी जास्त करतात, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी ते मालकांना दाखवलं. मालकांना कल्पना पटली, शिवाय फारसा खर्चही नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात संथ वाद्यसंगीताची एक छोटी यादी तयार झाली आणि दिवसभर तीच वाजायला लागली.

अडचण

सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांना बरं वाटलं. दुकान भरल्यासारखं दिसू लागलं. काही आठवड्यांनी मालकांनी हिशेब पाहिला तेव्हा विक्रीत डोळ्यांत भरण्यासारखा फरक दिसेना. एक गोष्ट मात्र ठळकपणे बदलली होती, ती म्हणजे संध्याकाळची रांग. वरच्या मजल्यावर रेंगाळलेले ग्राहक आणि कामावरून परतताना खाली घाईघाईने शिरलेले ग्राहक एकाच वेळी काउंटरवर यायला लागले. रांगेत उभ्या असलेल्या काही जणांनी हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेरची वाट धरली. अशा सोडून दिलेल्या टोपल्यांतला माल दुकान बंद करताना परत जागेवर लावायचं काम कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आलं.

आणखी एक गोष्ट झाली. संथ संगीत गर्दीच्या गोंगाटात ऐकूच येत नव्हतं, म्हणून कुणीतरी आवाज वाढवला आणि तो वाढलेलाच राहिला. पडद्यांच्या टेबलावरचा स्पीकर नेमका डोक्यावर होता. तिथे मापं सांगणारे ग्राहक ओरडून बोलायला लागले. ऐकायला कमी येणाऱ्या एका वयस्क बाई विक्रेतीला म्हणाल्या, "ताई, तुमचं काही कळत नाहीये, जरा जवळ येऊन सांगाल का?" मापं चुकीची लिहिली गेल्यामुळे पडदे दुरुस्तीसाठी परत यायचं प्रमाण वाढतंय, अशी शंका विक्रेतीला येत होती, पण त्याचा संगीताशी संबंध आहे का असं कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिने आपण होऊन सांगितलं नव्हतं.

कॅशिअरचं म्हणणं जास्त सरळ होतं: "सर, तीच तीच धून ऐकून डोकं उठतं." ग्राहक वीस-पंचवीस मिनिटांत निघून जातो. कॅशिअर आठ तास तिथेच असतो. छोटी यादी दिवसात कितीतरी वेळा पहिल्यापासून सुरू व्हायची आणि त्यातून सुटायची मुभा फक्त ग्राहकाला होती.

मालकांनी निष्कर्ष काढला की संगीताचा काही उपयोग नाही, ते बंदच करावं. मॅनेजरबाईंचं मत होतं की संगीत बरोबर आहे, निवड चुकली आहे. या टप्प्यावर सल्ल्यासाठी आम्हाला बोलावणं आलं.

मूळ संशोधन नेमकं काय म्हणतं

मॅनेजरबाईंनी वाचलेला लेख ज्या अभ्यासावर आधारलेला होता, तो रोनाल्ड मिलिमन यांचा. १९८२ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमध्ये त्यांनी काही दिवस मंद संगीत, काही दिवस जलद संगीत आणि काही दिवस संगीताविना शांतता ठेवली. मंद म्हणजे मिनिटाला ७२ किंवा कमी ठोके, जलद म्हणजे ९४ किंवा जास्त. दुकानातल्या दोन ठरावीक जागांमधलं अंतर कापायला ग्राहकांना मंद संगीतात सरासरी सुमारे १२८ सेकंद लागले, जलद संगीतात सुमारे १०९. मंद संगीताच्या दिवसांची विक्री जलद संगीताच्या दिवसांपेक्षा ३८.२ टक्के जास्त होती.

हा ३८ टक्क्यांचा आकडा गेली चाळीस वर्षं फिरतो आहे आणि फिरता फिरता त्याच्यामागचा संदर्भ गळून पडला आहे. तुलना मंद आणि जलद यांच्यात होती. शांततेतला चालण्याचा वेग या दोघांच्या मध्ये कुठेतरी होता. म्हणजे 'संगीत लावलं की विक्री ३८ टक्क्यांनी वाढते' असं हा अभ्यास कुठेही म्हणत नाही. शिवाय ते सुपरमार्केट होतं. तिथे माणूस एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरतो, आणि सावकाश फिरला की जास्त वस्तू नजरेस पडतात. हातात यादी घेऊन बल्ब न्यायला आलेल्या माणसाच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

वेळ आणि खर्च नेहमी जोडीने वाढत नाहीत, हेही जुनंच निरीक्षण आहे. पॅट्रिशिया स्मिथ आणि रॉस कर्नो यांनी १९६६ मध्ये सुपरमार्केटमध्ये मोठ्या आणि हळू आवाजाची तुलना केली. मोठ्या आवाजात लोक लवकर बाहेर पडले, पण विक्रीत लक्षणीय फरक पडला नाही. मिलिमन यांच्याच १९८६ च्या रेस्टॉरंटमधल्या अभ्यासात मंद संगीतात लोक सरासरी ५६ मिनिटं बसले, जलद संगीतात ४५. जेवणावरचा खर्च जवळपास तेवढाच राहिला, पेयांवरचा वाढला. आता ज्या रेस्टॉरंटबाहेर लोक टेबलाची वाट बघत उभे आहेत, तिथे ती जास्तीची ११ मिनिटं फायद्याची की तोट्याची? या दुकानाच्या मालकांना हा प्रश्न विचारल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी खालच्या रांगेकडे बोट दाखवलं.

गर्दीबद्दलचा एक अलीकडचा अभ्यास इथे फार उपयोगी पडला. क्लेमेन्स क्नोफर्ले आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असं दिसलं की दुकानात माफक गर्दी असते तोवर दर ग्राहक करत असलेला खर्च वाढतो, गर्दी दाट झाली की तो घसरतो आणि जलद संगीत ही घसरण सौम्य करतं. या दुकानात नेमकं उलट चाललं होतं. दिवसातल्या सगळ्यात दाट वेळी सगळ्यात संथ संगीत वाजत होतं.

समोर असलेले पर्याय

मालकांचा पर्याय, म्हणजे संगीत पूर्ण बंद करणं, आम्ही हसण्यावारी नेला नाही. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने २०१६ मध्ये ग्राहकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिक्रियांनंतर आपल्या दुकानांतलं पार्श्वसंगीत बंद केलं होतं. शांत दुकान हवं असणारी माणसं खरीच आहेत आणि ती तक्रार करत बसत नाहीत, दुसरीकडे जातात. पण एक शंका होती. वरच्या मजल्यावर सकाळी दोन-तीनच ग्राहक असतात. पूर्ण शांततेत त्यांचं आपसातलं बोलणं, किंमत विचारणं, 'हे आपल्याला परवडेल का' ही कुजबुज विक्रेतीला स्पष्ट ऐकू जाते. हलकं संगीत त्या बोलण्याला आडोसा देतं. हा उपयोग विक्रीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. माझ्या मते तो पार्श्वसंगीताचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग आहे.

दुसरा पर्याय होता तयार संगीतसेवा घेण्याचा. तो एका वेगळ्या कारणाने टाळता येण्यासारखा नव्हताच. काउंटरवरच्या फोनमध्ये एका कर्मचाऱ्याचं वैयक्तिक खातं होतं. बहुतेक देशांत दुकानात संगीत वाजवणं हे सार्वजनिक सादरीकरण धरलं जातं आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. घरी ऐकण्यासाठी घेतलेल्या खात्याच्या अटींमध्ये असा वापर सहसा बसत नाही. हे कळल्यावर मालकांनी परवाना असलेली सेवा त्याच आठवड्यात घेतली. पण सेवा घेतली म्हणून कुठे, केव्हा आणि किती मोठ्याने वाजवायचं याचं उत्तर मिळत नाही.

तिसरा पर्याय मॅनेजरबाईंनी मोठ्या उत्साहाने मांडला. एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांचा १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला प्रयोग त्यांनी वाचला होता. ब्रिटनमधल्या एका सुपरमार्केटमध्ये फ्रेंच आणि जर्मन वाइन शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. फ्रेंच संगीताच्या दिवशी जर्मन वाइनच्या एका बाटलीमागे फ्रेंचच्या पाच गेल्या. जर्मन संगीताच्या दिवशी फ्रेंचच्या एका बाटलीमागे जर्मनच्या दोन. आणि ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या फारच थोड्यांना संगीताचा आपल्या निवडीवर परिणाम झाला असं वाटलं. मॅनेजरबाईंचं म्हणणं होतं की वर महाग पडदे आणि दिव्यांच्या बाजूला अभिजात संगीत लावावं. त्यालाही आधार होता: चार्ल्स अरेनी आणि डेव्हिड किम यांच्या १९९३ च्या अभ्यासात वाइनच्या दुकानात अभिजात संगीत असताना लोकांनी बाटल्या जास्त घेतल्या नाहीत, पण जास्त किमतीच्या घेतल्या.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला, आणि तो आकड्यांनी सुटणारा नव्हता. मापाप्रमाणे शिवलेला पडदा परत करता येत नाही. माणसाला नकळत महाग कापडाकडे ढकलायचं आणि नंतर परतीचा रस्ता बंद ठेवायचा, हे आम्हाला मान्य नव्हतं आणि आम्ही ते स्पष्ट सांगितलं. दुकान आरामशीर वाटावं, घाई जाणवू नये, बोलणं ऐकू यावं यासाठी संगीत वापरणं वेगळं. विशिष्ट वस्तू खपवण्यासाठी, तेही ग्राहकाच्या ध्यानात येणार नाही या भरवशावर, ते वापरणं वेगळं. मालकांनी क्षणभरही न थांबता मान्य केलं. मॅनेजरबाई नाराज झाल्या. त्यांचा मुद्दा असा की दिव्यांची मांडणी, प्रकाशयोजना, दर्शनी काच हे सगळंही ग्राहकाला वळवतंच, मग संगीतच का वगळायचं? मुद्दा पोकळ नाही. माझं उत्तर इतकंच आहे की काचेकडे पाठ फिरवता येते, कान मिटता येत नाहीत.

उरला तो पर्याय: मजले वेगळे करायचे, आवाज आणि गती वेगवेगळ्या हाताळायच्या आणि मोजून बघायचं.

काय केलं

आधी आवाज. दुसरा अँप्लिफायर लावून मजले सुटे केले. आवाज किती ठेवायचा यासाठी डेसिबलच्या आकड्यापेक्षा एक साधी कसोटी ठरवली: टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांना आवाज न चढवता एकमेकांचं बोलणं, विशेषतः आकडे, पहिल्याच वेळी कळले पाहिजेत. फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने नोंद ठेवली, पण फोनगणिक वाचन बदलतं, म्हणून कालच्या आणि आजच्या तुलनेपुरताच तिचा उपयोग केला. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं होतं. दुकानात त्याचं चक्र तयार होतं. संगीत मोठं, म्हणून बोलणं मोठं, म्हणून संगीत ऐकू येत नाही, म्हणून संगीत आणखी मोठं. ते तोडायचं तर संगीताच्या बाजूनेच तोडावं लागतं, कारण ग्राहकाला हळू बोला असं सांगता येत नाही. पडद्यांच्या टेबलावरचा स्पीकर काढूनच टाकला.

मग गती. वरच्या मजल्यावर तीन प्रकारचे दिवस ठरवले: मंद संगीत, जलद संगीत, संगीत नाही. पहिल्या दोन्हींत आवाज तेवढाच. तळमजल्यावरही मंद आणि जलद संगीताचे दिवस ठेवले. हे दिवस आठवडाभर सलग न ठेवता आलटून-पालटून ठेवले आणि प्रत्येक प्रकार आठवड्याच्या प्रत्येक वाराला कधी ना कधी येईल असं वेळापत्रक केलं. सोमवारचे ग्राहक आणि रविवारचे ग्राहक वेगळे, पगार झाल्यावरचे दिवस आणि महिनाअखेरचे दिवस वेगळे. एक आठवडा मंद आणि एक आठवडा जलद असं केलं असतं तर संगीताचा परिणाम मोजतोय की पगाराचा, हे कळलं नसतं.

काय मोजायचं यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. मालकांना एकूण विक्री हवी होती. पण एकूण विक्रीत एखादी मोठी ऑर्डर आली की दिवसाचा आकडा उडी मारतो. म्हणून बिलांची संख्या, बिलामागची रक्कम, वरच्या मजल्याच्या मालाचा त्यातला वाटा, जिन्यावरून वर गेलेले आणि काही न घेता खाली आलेले, काउंटरजवळ सोडून दिलेल्या टोपल्या आणि पडद्यांच्या दुरुस्त्या असं वेगवेगळं लिहून ठेवलं. दुकानात काढलेला वेळ मोजण्यासाठी जिन्यावरून जाणाऱ्या ठरावीक क्रमांकाच्या ग्राहकाची वर जायची आणि खाली यायची वेळ टिपली, नाव-गाव काही न विचारता. 'तुम्ही किती वेळ होतात' असं ग्राहकालाच विचारणं आम्ही टाळलं. रिचर्ड यॅल्च आणि एरिक स्पॅन्जेनबर्ग यांनी २००० मध्ये दाखवलं आहे की ओळखीचं संगीत ऐकणाऱ्यांना आपण जास्त वेळ खरेदी केली असं वाटलं, प्रत्यक्षात जास्त वेळ काढला तो अनोळखी संगीत ऐकणाऱ्यांनी. वेळेच्या बाबतीत माणसाच्या अंदाजावर विसंबता येत नाही.

कर्मचाऱ्यांना एक वही दिली. त्यात रोज एक-दोन ओळी लिहायच्या आणि नकोसं झालेलं गाणं खोडायचं. खोडलेलं गाणं दुसऱ्या दिवशी यादीतून जायचं. यादीही बरीच लांब केली, म्हणजे एका पाळीत तेच गाणं पुन्हा येणार नाही.

या सगळ्याच्या मध्येच मालकांनी संध्याकाळपुरता दुसरा बिलिंग काउंटर उघडायचं ठरवलं. प्रयोग पूर्ण होईपर्यंत थांबावं, असं मॅनेजरबाईंचं मत होतं, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर रांग कशामुळे कमी झाली हे कळणार नाही. ते अगदी खरं होतं. तरीही मालकांचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. रांगेत माणसं ताटकळत असताना मोजमाप शुद्ध राहावं म्हणून काउंटर बंद ठेवणं कुणालाच शोभलं नसतं. आम्ही तळमजल्याच्या संध्याकाळच्या निष्कर्षावर पाणी सोडलं.

निष्पन्न

वरच्या मजल्यावर मंद संगीताच्या दिवशी लोक जास्त वेळ थांबले, हे नोंदींत स्पष्ट दिसलं. सगळ्यात कमी वेळ संगीत नसलेल्या दिवशी. विक्रेत्यांच्या वहीतही त्याच दिवसांबद्दल 'लोक कुजबुजत बोलतात, लवकर जातात' अशा अर्थाच्या ओळी सापडल्या. काही घेऊन खाली आलेल्यांचं प्रमाण मंद संगीताच्या दिवशी किंचित चांगलं होतं. पण रोजच्या चढउतारापुढे हा फरक लहान होता, आणि एवढ्या नोंदींवरून तो संगीतामुळेच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मालकांना आम्ही तसंच लेखी दिलं. त्यांना एखादी टक्केवारी हवी होती, ती दिली नाही.

तळमजल्यावर गती बदलून काहीच बदललं नाही. यादी घेऊन आलेला माणूस मंद संगीतात जेवढा वेळ राहिला तेवढाच जलद संगीतात. संध्याकाळच्या सोडलेल्या टोपल्या जवळपास दिसेनाशा झाल्या, पण त्याचं श्रेय दुसऱ्या काउंटरला की मंद संगीत बंद झाल्याला, हे कायमचं अनुत्तरित राहिलं. मला विचाराल तर बहुतांश काउंटरला.

सगळ्यात मोठा बदल ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती त्याने घडवला, आवाज कमी करण्याने. पडद्यांच्या टेबलावर माप पुन्हा विचारावं लागणं कमी झालं. दुरुस्तीच्या वहीत 'माप चुकलं' या कारणाच्या नोंदी विरळ झाल्या. विक्रेतीने लिहिलं की दिवस संपताना घसा बसत नाही. चुकीच्या मापाचा पडदा म्हणजे वाया गेलेलं कापड, शिंप्याचं दुप्पट काम, नाराज ग्राहक आणि त्या ग्राहकाचं पुन्हा न येणं. यातलं विक्रीच्या आकड्यात काहीच सरळ दिसत नाही. मंद की जलद या वादात सगळे गुंतलेले असताना दुकानाचं नुकसान तिसऱ्याच बटणाने होत होतं.

शेवटी ठरलेली व्यवस्था अशी: दुकान उघडल्यावरचा पहिला तास संगीत नाही. त्यानंतर वर मंद आणि हळू आवाजात, खाली मध्यम गतीचं, संध्याकाळी खाली थोडं जलद पण आवाज तेवढाच. पडद्यांचं टेबल कायम संगीतमुक्त. आवाज वाढवायचा असेल तर कर्मचाऱ्यांना विचारून, कमी करायचा असेल तर कुणालाही न विचारता. हा शेवटचा नियम कॅशिअरने सुचवला.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ स्थितीची नोंद कुठेच नव्हती, ही सगळ्यात मोठी उणीव. मंद संगीत सुरू होण्याआधी लोक किती वेळ थांबत होते, टोपल्या किती सुटत होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन आठवडे काही न बदलता नुसती नोंद ठेवली असती तर नंतरच्या अर्ध्या चर्चा झाल्याच नसत्या. दुकानदारांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्या दोन आठवड्यांत काही घडतंय असं वाटत नाही.

सुरुवातीच्या बदलात गती आणि आवाज दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे सगळा दोष गतीच्या माथी गेला. मालक संगीत बंद करायला निघाले होते ते याच गोंधळातून. त्यांनी तसं केलं असतं तर पडद्यांच्या मापाची अडचण सुटली असती, पण कशामुळे सुटली हे कळलं नसतं, आणि वरच्या मजल्याचा आडोसा विनाकारण गेला असता.

पडद्यांच्या विक्रेतीला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर कदाचित एवढ्या मोजमापाची गरजच पडली नसती. तिला उत्तर माहीत होतं. दुकानात दिवसभर कान उघडे ठेवून असणारी माणसं तीच, आणि संगीताचा निर्णय मात्र काचेआडच्या खोलीत बसून घेतला जातो.

कर्मचाऱ्यांवरचा परिणाम ग्राहकांवरच्या परिणामापासून वेगळा काढता आला नाही, हेही मान्य करायला हवं. मंद संगीतात विक्रेते स्वतःही सावकाश बोलत, सावकाश कापड उलगडत. ग्राहक थांबले ते संगीतामुळे की विक्रेत्याच्या निवांतपणामुळे? संगीत दोघांनाही ऐकू येतं, त्यामुळे दुकानात केलेल्या कुठल्याही प्रयोगात ही गाठ राहतेच.

आणि ज्यांच्यासाठी सकाळचा शांत तास ठेवला, त्यांना कुणी विचारलेलं नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला पार्श्वसंगीताचा त्रास जास्त होतो, कारण ते यंत्र समोरच्या बोलण्याबरोबर मागचा आवाजही मोठा करतं. असे ग्राहक सकाळीच येतात, की त्यांना सोयीची वेळ दुसरीच आहे, हे दुकानाकडे नोंदलेलं नाही. मापाच्या टेबलावर ऑर्डर घेताना हा एक प्रश्न विचारायला सुरुवात करावी, असं आम्ही सुचवलं आहे. वहीत त्यासाठी एक रकाना आखला आहे.